गजकर्ण पुन्हा पुन्हा का उठते? औषधांच्या दुकानातून केलेली तपासणी

मलम लावले की तीन-चार दिवसांत खाज थांबते, चकती फिकी पडते, माणूस ट्यूबला टोपण लावून ती कपाटात ठेवून देतो आणि पंधरा-वीस दिवसांनी त्याच जांघेत, किंवा तिथून वीतभर अंतरावर कमरेला, लाल कडेची चकती पुन्हा उठते. रत्नागिरी जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी औषधांचे दुकान चालवताना ही तक्रार मी इतक्या वेळा ऐकली आहे की, गिऱ्हाईक आजूबाजूला पाहून आणि आवाज खाली आणून ‘ती मागची ट्यूब द्या’ असे म्हणाले की पुढचे त्याने सांगावे लागत नाही. निदान करणे आणि औषध ठरवणे हे डॉक्टरांचे काम आहे, माझे नाही. मात्र उपचार नेमका कुठे फसतो, हे काउंटरच्या या बाजूने बरेचसे दिसते, आणि माझा अनुभव असा की बहुतेकांचे गजकर्ण परत आलेले नसते, ते मुळात गेलेलेच नसते. ते का गेले नाही याची कारणे मी ज्या क्रमाने तपासतो, त्याच क्रमाने येथे देत आहे.

आधी ट्यूब उलटी करून वाचा

सर्वांत पहिली तपासणी घरातच होते आणि तिला चष्म्याखेरीज काही लागत नाही. ट्यूबच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत घटक लिहिलेले असतात. त्यांत क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, बेक्लोमेथासोन किंवा हॅलोबेटासोल यांपैकी एखादे नाव दिसले, तर त्या मलमात स्टिरॉइड आहे असे समजावे. त्याच ट्यूबवर मायकोनॅझोल किंवा क्लोट्रिमॅझोल हे बुरशीनाशक आणि नियोमायसिन किंवा जेंटामायसिन हे जीवाणूनाशकही लिहिलेले असेल, म्हणजे एकाच नळीत तीन औषधे. गिऱ्हाइकाला हा सौदा फायद्याचा वाटतो. गजकर्णाच्या बाबतीत हाच सौदा सर्वांत महाग पडतो.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. गजकर्णाची बुरशी त्वचेच्या अगदी वरच्या मृत थरात राहते आणि तिथले केराटिन नावाचे प्रथिन खाऊन कडेकडेने बाहेर पसरते. म्हणून मध्यभाग निवळलेला आणि कडा लाल, उंचावलेली, खपल्या धरलेली अशी चकती दिसते. ती लाली आणि ती खाज बुरशीची नसते, शरीराने बुरशीशी मांडलेल्या झुंजीची असते. स्टिरॉइड ही झुंज थांबवते. दोन दिवसांत खाज जाते, कडा पुसट होते आणि रुग्णाला वाटते की औषध लागू पडले. प्रत्यक्षात पहारेकऱ्याला झोपवलेले असते आणि बुरशी निर्धास्तपणे पसरत असते. मलम थांबवल्यावर दबलेली लाली एकदम उसळते, तेव्हा ‘मलम बंद केले म्हणून वाढले’ असा उलटाच निष्कर्ष निघतो आणि दुसरी ट्यूब घेतली जाते. अशा त्वचेवर कधीकधी एका वर्तुळाच्या आत दुसरे वर्तुळ दिसते, तर कधी चकतीचा आकारच राहत नाही आणि अनुभवी डॉक्टरही क्षणभर थबकतात.

आमच्या दुकानातही अशा ट्यूबा वर्षानुवर्षे चिठ्ठीशिवाय विकल्या गेल्या, हे लपवण्यात अर्थ नाही. माझ्या मेहुण्याने त्यांतलीच एक सात-आठ महिने लावली. शेवटी तो डॉक्टरांकडे गेला तेव्हा त्याच्या दोन्ही जांघांत बोटाएवढ्या रुंदीचे जांभळट पट्टे पडले होते आणि तिथली कातडी जुन्या कांद्याच्या सालीसारखी पातळ झाली होती. गजकर्ण पुढे बरे झाले. पट्टे पांढुरके झाले, पण ते कायमचे राहिले आहेत.

कायद्यानेही पूर्वी अशा मलमांना मोकळीक दिली होती. चिठ्ठीवरच द्यावयाच्या औषधांची जी अनुसूची एच आहे, तिच्यात अंगावर लावण्याच्या औषधांना सूट होती. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने अनेक वर्षे पाठपुरावा केल्यावर 2018 साली स्टिरॉइड मलमे या अनुसूचीत आली, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात केंद्र सरकारने ज्या 328 मिश्र औषधांवर बंदी घातली त्यांतही अशी काही मलमे होती. आता वेष्टनावर लाल रेघ आणि इशारा असतो. तो वाचला जातो असे मात्र मी म्हणणार नाही.

महिनोन्‌महिने लावलेले स्टिरॉइड थांबवायचे असेल, तर डॉक्टरांना सांगूनच थांबवावे. मधल्या एक-दोन आठवड्यांत लाली आणि खाज वाढू शकते, आणि ते आधी ठाऊक असले तरच माणूस पुन्हा त्या ट्यूबकडे वळत नाही.

मुळात ती बुरशीच आहे का?

ट्यूबमध्ये स्टिरॉइड नव्हते, औषधही नीट घेतले आणि तरी चट्टा हलत नाही, अशा वेळी निदानाकडे परत जावे लागते. गोल आणि लाल ते सगळे गजकर्ण नसते. सोरायसिसचे चट्टे जाड, चंदेरी खपल्यांचे असतात. इसबाचा एक प्रकार रुपयाएवढ्या गोल चकत्यांचाच असतो. चड्डीच्या इलॅस्टिकची ॲलर्जी नेमकी कमरेच्या रेषेत उठते. छातीपाठीवरची फिकट शिबेही बुरशीमुळेच होतात, पण ती बुरशी निराळी आणि तिचे उपचारही निराळे. चट्टा फिकट किंवा तांबूस असून तिथे खाज नसेल आणि स्पर्शही कळत नसेल, तर मलमाचा विचार सोडून त्याच आठवड्यात कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यावी. ती सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते, उपचारही मोफत मिळतात, आणि वेळेत औषध सुरू झाले तर हातापायांच्या नसा वाचतात.

निदानातील या गोंधळाची एक जुनी गोष्ट आपल्या किनाऱ्याशी जोडलेली आहे. एकोणिसाव्या शतकात गजकर्णावर ‘गोवा पावडर’ नावाची पिवळसर भुकटी प्रसिद्ध होती. ती ब्राझीलमधील एका झाडाच्या खोडातून निघे आणि पोर्तुगीज व्यापाराबरोबर गोव्यात येऊन पुढे मुंबईच्या बाजारात जाई. 1876 साली लंडनच्या बाल्मॅनो स्क्वायर या डॉक्टरांच्या लक्षात आले की, गजकर्ण समजून ही भुकटी लावलेल्या एका रुग्णाला प्रत्यक्षात सोरायसिस होता आणि तो सुधारला. त्या चुकीतून सोरायसिसचे एक औषध हाती लागले आणि पुढे त्याच्याच धर्तीवर डायथ्रॅनॉल तयार झाले. आपल्या चुकीतून असे काही निघण्याचा संभव कमी, तेव्हा तपासणी केलेली बरी.

तपासणी साधी आणि स्वस्त आहे. चकतीच्या कडेवरील खपल्या बोथट पात्याने काचपट्टीवर खरवडून घेतात, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे 10 टक्क्यांचे द्रावण टाकतात, कातडीच्या पेशी विरघळल्या की सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे फांद्या फुटलेले धागे दिसतात. काम बहुधा अर्ध्या तासात उरकते. कल्चरला, म्हणजे प्रयोगशाळेत बुरशी वाढवून पाहण्याला, मात्र दोन ते चार आठवडे लागतात आणि प्रत्येकाला त्याची गरज नसते.

औषध बरोबर, पण किती आणि किती दिवस?

बहुतेकांचे घोडे येथे अडते. बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची जी रेघ बसते तिचे वजन साधारण अर्धा ग्रॅम असते, आणि ती बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. दोन्ही जांघा, कंबर आणि मागचा भाग मिळून आठ तळहातांएवढी जागा झाली, तर एका वेळेला दोन ग्रॅम मलम लागणार. दिवसातून एकदाच लावायचे असले तरी 15 ग्रॅमची ट्यूब आठवड्यात संपली पाहिजे. तीच ट्यूब सव्वा महिना पुरवणारे गिऱ्हाईक मला काटकसरी वाटत नाही, ते पुढच्या महिन्यात पुन्हा येणार हे मला कळते.

भारतीय तज्ज्ञांनी यासाठी ‘दोन’चा सोपा नियम सुचवला आहे: मलम दिवसातून दोनदा लावावे, चकतीच्या कडेबाहेर दोन सेंटीमीटरपर्यंत लावावे आणि चकती दिसेनाशी झाल्यावरही दोन आठवडे लावत राहावे. काही नवी मलमे दिवसातून एकदाच लावायची असतात, त्यांना पहिला भाग लागू नाही. बाकीचे दोन सर्वांना लागू आहेत. कडेबाहेर लावायचे कारण असे की, बुरशी दिसणाऱ्या रेषेच्या पुढे गेलेली असते. मध्यभागी चोळत बसणारा माणूस ती जिथून निघून गेली तिथेच औषध घालत असतो.

मुदतीच्या बाबतीत दोन उलट चुका होतात. खाज थांबली म्हणजे रोग गेला असे समजून औषध सोडणे ही पहिली, आणि तीच फार आढळते. दुसरी चूक काळ्या डागाची. गजकर्ण बरे झाल्यावर आपल्या वर्णाच्या त्वचेवर तपकिरी-काळा डाग काही महिने राहतो. त्याला खाज नसेल, खपल्या नसतील, कडा उंचावलेली नसेल, तर तो फक्त डाग आहे आणि बुरशीच्या औषधाने तो जाणार नाही. काही जण या डागापायी सहा-सहा महिने औषधे घेत राहतात.

चट्टे अनेक ठिकाणी असतील, अंगावरच्या बारीक लवेच्या मुळांत बुरशी गेली असेल, किंवा आधी स्टिरॉइड वापरलेले असेल, तर नुसत्या मलमाने भागत नाही आणि डॉक्टर पोटात घेण्याचे औषध देतात. त्यांतल्या इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूलबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण ती चुकीच्या पद्धतीने घेतली जाताना मी रोज पाहतो. ही कॅप्सूल शोषली जाण्यासाठी पोटात आम्ल लागते, म्हणून ती भरपेट जेवणानंतर लगेच घ्यायची. आमच्याकडे मात्र कोणतीही ‘भारी’ कॅप्सूल घेतली की सकाळी उपाशीपोटी पॅन्टोप्राझोल किंवा ओमेप्राझोल घेण्याची रीत पडली आहे, आणि पोटातले आम्ल कमी झाले की इट्राकोनॅझोलचा बराच भाग वाया जातो. पित्ताची गोळी रोजची असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

ही कॅप्सूल पांढऱ्या कागदावर उघडली तर आत खसखशीपेक्षा थोडे मोठे, शेकडो पांढुरके दाणे दिसतात. औषधाचा थर या दाण्यांवर चढवलेला असतो. भारतातील अभ्यासकांनी निरनिराळ्या कंपन्यांच्या कॅप्सूल उघडून दाणे मोजले, तेव्हा त्यांची संख्या आणि आकार यांत मोठी तफावत आढळली. घरी दाणे मोजून दर्जा ठरवता येत नाही, परंतु डॉक्टरांनी लिहिलेली कॅप्सूल दर महिन्याला ‘दुसरी स्वस्त द्या’ म्हणून बदलू नये, एवढा धडा त्यातून घेता येतो. ज्यांचे हृदय कमकुवत आहे, त्यांना हे औषध धोक्याचे ठरू शकते, आणि कोलेस्टेरॉलच्या सिम्वास्टॅटिनसारख्या गोळ्यांशी त्याचे जमत नाही. टर्बिनाफिन हे बुरशीवरचे दुसरे औषध घेताना यकृताकडे लक्ष ठेवावे लागते आणि काहींची तोंडाची चव काही काळ जाते. गर्भारपणात या पोटातल्या औषधांचा स्वतःहून विचारसुद्धा करू नये. दुकानदाराला विचारून पोटातले औषध सुरू करू नका, हे दुकानदारच लिहीत आहे.

बुरशीही पूर्वीची राहिलेली नाही

वर सांगितलेले सगळे पाळूनही ज्यांचे गजकर्ण हटत नाही, त्यांनी स्वतःला दोष देण्यापूर्वी गेल्या काही वर्षांतील संशोधन समजून घ्यावे. पूर्वी आपल्याकडे ट्रायकोफायटन रुब्रम ही बुरशी प्रामुख्याने आढळे, आणि टर्बिनाफिनची 250 मिलिग्रॅमची रोज एक गोळी दोन ते चार आठवडे घेतली की बहुतेकांचे काम होई. गेल्या दशकात हे चित्र पालटले. 2020 साली जपानमधील संशोधकांनी तिथे राहणाऱ्या नेपाळी आणि भारतीय रुग्णांच्या त्वचेतून मिळालेल्या बुरशीला ट्रायकोफायटन इंडोटिनी असे नाव दिले. बुरशीच्या पेशीचे आवरण तयार होण्यासाठी स्क्वालीन इपॉक्सिडेज नावाचे विकर (एन्झाइम) लागते आणि टर्बिनाफिन नेमके तेच अडवते. इंडोटिनीच्या अनेक वाणांत या विकराच्या जनुकात असा बदल झाला आहे की, औषध त्याला नीट चिकटतच नाही. कुलपाचे आतले खटके बदलल्यावर जुनी किल्ली फिरत नाही, तसा हा प्रकार आहे.

त्याच वर्षी वाराणसीतील एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. 200 रुग्णांची चार औषधांत विभागणी केली होती. आठ आठवड्यांनंतर इट्राकोनॅझोलने 66 टक्के, फ्लुकोनॅझोलने 42 टक्के, टर्बिनाफिनने 28 टक्के आणि ग्रिसिओफुल्विनने अवघे 14 टक्के रुग्ण बरे झाले. चार आठवड्यांच्या टप्प्यावर तर चारही औषधांचे आकडे 8 टक्क्यांच्या वर गेले नव्हते. मला यातला चार आठवड्यांचा आकडा सर्वांत बोलका वाटतो. ‘महिनाभर औषध घेतले, काही उपयोग नाही’ म्हणून डॉक्टर बदलणारा माणूस बहुधा अशा वेळी बदलतो, जेव्हा कोणत्याही औषधाने फारसे कोणी बरे झालेले नसते. 2023 च्या मे महिन्यात अमेरिकेतही, न्यूयॉर्कमधील दोन रुग्णांत, ही बुरशी आढळल्याची नोंद झाली आणि त्यांतल्या एकीने परदेशप्रवास केलेला नव्हता. ही बुरशी माणसाकडून माणसाकडे जाते. म्हणून पुढची तपासणी घराची.

टॉवेल, करदोटा आणि दोरीवरचे कपडे

एका घरातून तीन जण वेगवेगळ्या दिवशी येऊन एकच मलम नेतात आणि तिघांनाही एकमेकांचे ठाऊक नसते, असे मी पाहिले आहे. जांघेतल्या खाजेबद्दल बोलायची लाज वाटते, विशेषतः घरातल्या बायकांना, आणि त्या लाजेच्या आडून बुरशी एका टॉवेलवरून दुसऱ्या अंगावर जाते. ज्यांना चट्टे आहेत त्या सर्वांचे उपचार एकाच वेळी सुरू झाले नाहीत तर एकाचे बरे होईपर्यंत दुसऱ्याचे उठते आणि हे चक्र चालूच राहते. आजोबांच्या पायाची जाड, पिवळी पडलेली नखे पाहायला विसरू नये. नखांत ही बुरशी वर्षानुवर्षे टिकते आणि तिथून जांघेत येते. रक्तातील साखरही एकदा तपासावी.

गळून पडलेल्या खपल्यांतील बुरशीचे बीजाणू कापडावर कित्येक महिने जिवंत राहू शकतात. थंड पाण्यात साबणाने धुतल्याने ते मरतीलच असे नाही, सुमारे 60 अंश सेल्सिअसच्या गरम पाण्यात मात्र ते नष्ट होतात. रुग्णाचे कपडे, पंचा आणि चादर वेगळी भिजवावी, गरम पाण्यात धुवावी आणि कडक उन्हात उलटी करून वाळवावी. कोकणात जूनपासून सप्टेंबरपर्यंत ऊन कुठून आणायचे, हा प्रश्न मलाही पडतो. पडवीतल्या दोरीवर दोन दिवस लोंबणारी आणि तरीही दमट राहणारी चड्डी अंगात घालण्यापेक्षा तिच्या शिवणींवर आणि इलॅस्टिकवर गरम इस्त्री फिरवावी, तेवढी पाच मिनिटे वाचवू नयेत. पावसाळ्यात घट्ट जीन्स घालून मोटारसायकलवर भिजत कामाला जाणाऱ्या मुलांनी निदान उपचारापुरती तरी सुती सैल पँट घालावी.

करदोट्याचा विषय नाजूक आहे. कमरेच्या रेषेत गोलाकार गजकर्ण असलेल्या पुरुषांत काळा दोरा वर्षभर ओलाच राहिलेला आढळतो, आणि तो घाम व खपल्या दोन्ही धरून ठेवतो. घरातल्या वडीलधाऱ्यांना दोरा काढणे पटत नाही. अशा वेळी मी सुचवतो की निदान उपचाराच्या काळात तो काढावा, बरे झाल्यावर नवा बांधावा. ‘नवा बांधायचा आहे’ म्हटले की विरोध बराच मावळतो.

घरगुती उपायांबद्दल थोडक्यात. टाकळ्याला संस्कृतात चक्रमर्द आणि दद्रुघ्न म्हणतात, त्याचा पाला आणि बिया गजकर्णावर लावण्याची चाल जुनी आहे. पावसाळ्यात त्याची भाजी जरूर खावी, पण स्टिरॉइडने पातळ झालेल्या कातडीवर पाला वाटून लावल्यास आग होते आणि जखम चिघळते. लिंबू, लसूण, रॉकेल यांनी भाजलेल्या जांघाही मी पाहिल्या आहेत. उग्र जंतुनाशक साबणानेही तेच होते, फक्त सावकाश.

त्वचारोगतज्ज्ञांकडे जाताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूबा, रिकाम्यासुद्धा, एका पिशवीत घालून न्याव्यात, गोळ्यांची पाकिटे आणि जुन्या चिठ्ठ्याही न्याव्यात, आणि बुरशीचे मलम किती दिवसांपूर्वी थांबवले ते सांगावे, कारण आदल्या रात्रीपर्यंत मलम लावलेले असेल तर खरवडीत बुरशी असूनही दिसत नाही. चकतीच्या कडेभोवती पेनाने रेघ ओढून मोबाइलवर फोटो काढून ठेवावा आणि दर पंधरा दिवसांनी त्याच उजेडात दुसरा काढावा. माझा मेहुणा आता आमच्याच दुकानात बसतो, आणि चिठ्ठी नसताना कोणी ‘ती मागची ट्यूब’ मागितली की तो आधी विचारतो, ‘मागची म्हणजे कोणती, आणलीय का बरोबर?’